काळी चार

"ब्लूज वाजवतो" असं सांगितलं की बोईसरात समोरचा हमखास विचारतो, "कुठल्या कंपनीत बनतं ते?" त्याची चूक नाही. इथे माणूस काहीतरी बनवतो, नाहीतर ड्रममध्ये भरतो, नाहीतर टँकरवर चढवतो. सुरुवातीला मी बापडा समजावून सांगायचो, की बाबा रे, हे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं, पियानोवर वाजवतात, यातूनच पुढे रॉक आलं. समोरच्याचं लक्ष टपरीवरच्या वड्याकडे. मग मी चिडायला लागलो. आता नुसतं "कीबोर्ड वाजवतो" म्हणतो, लगेच "हळदीत काय?" असं येतं आणि विषय संपतो. एका गोष्टीपायी हाडं झिजवावीत आणि आपल्याच मुलखात तिचं नावसुद्धा कोणाला नको असावं, याचा मला राग येतो. अजून येतो.

आमचं गाव एडवणच्या बाजूचं, मासेमारीचं. बापाची होडी होती, आई सुकट-बोंबील विकायची. मामा परदेशी बोटीवर खलाशी. तो एकदा सुट्टीवर आला तो पिशवीभर कॅसेटी आणि एक जुना कीबोर्ड घेऊन. कीबोर्डच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. एका कॅसेटीत कोणी म्हातारा पियानो बडवत गायचा. डावा हात आपली एकच चाल धरून चाललाय आणि उजवा वर भांडतोय. शब्द एक कळत नव्हता, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "पोराला नजर लागली." लागलीच होती म्हणा.

मी कसा शिकलो ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. शिकवणारं कोणी नव्हतं. कॅसेट लावायची आणि पट्ट्या चाचपायच्या. ती चाल मला पहिल्या पांढऱ्या पट्टीवरून सापडली, आमच्या बोलण्यात पांढरी एक. पेटीवाले सूर असेच मोजतात, पांढरी एक, काळी दोन, काळी चार. गाणाऱ्याचा गळा जिथे बसतो ती त्याची स्केल. खरा पियानोवाला सगळ्या स्केलमध्ये हात बसवतो, त्यात त्याची वर्षं जातात. पण कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. गाणारी म्हणाली "उंच होतंय", की बटण दाबायचं. बोटं होती तिथेच, हात होता तसाच, आवाज तेवढा खाली उतरलेला. आमच्या भागातले बहुतेक हळदीवाले असेच वाजवतात आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. काम भागतंय ना! मीही जन्मभर पांढरी एकमध्येच वाजवलं आणि बाकीचं बटणावर सोडलं.

पुढे कंपनीत कंत्राटी हेल्पर म्हणून लागलो, सालवडला खोली घेतली, आणि आम्ही चौघांनी बँड काढला. ड्रमवाला पॅकिंगमध्ये, गिटारवाला बॉयलरवर, बेसवाला वाणगावहून यायचा. पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत प्रॅक्टिस. गिरणी चालू असली की आम्हाला कोणी ऐकत नसे आणि बंद असली की सगळे शिव्या घालत. ड्रमवाला सेकंड शिफ्टला गेला की बँड आठवडाभर बंद. एकदा गणपतीत वाजवायला मिळालं. मी माझ्या हिशेबाने जीव ओतला. मंडळाचा अध्यक्ष स्टेजपाशी येऊन कानात म्हणाला, "भाऊ, कोन गेला हाय काय? पोरांना नाचाचा हाय, कायतरी लावा ना." बाजूला उभा असलेला एक युपीवाला मात्र डोळे पुसत होता. मला वाटलं, चला, एकाला तरी भिडलं. नंतर कळलं, त्याला गावाहून फोन आला होता.

बँड फुटला. पोट भरायचं ते हळदीनेच. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मांडवात बेंजो, ढोलकी, ताशा, कीबोर्ड आणि एक गाणारी. दहाला पोलीस बंद करायला येईपर्यंत सलग वाजवायचं. तिथे ती भेटली. शेजारच्याच गावची, सकाळी पाटी घेऊन मासळी विकायची आणि संध्याकाळी गायची. आवाज असा, की माइक बंद पडला तरी मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हातारीला शब्द कळत. मांडवात आमचं अरे-तुरे होतं. आमचं लग्न झाल्यावर ती चारचौघांत "अवो" म्हणायला लागली, घरात मात्र परत अरे-तुरेच.

एकदा मी तिला ब्लूज ऐकवला. सांगितलं, यात पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत काय ते बोलून टाकायचं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हा तर आमचे काकीचा रडना हाय. मयताला अशीच रडते ती. एकच गोष्ट दोनदा, नि तिसऱ्यांदा सगल्यांची उणीदुणी." मी हसून हसून लोळलो. पण इतकी वर्षं मी लोकांना जे सांगू पाहत होतो ते तिने एका वाक्यात सांगितलं होतं. तेव्हापासून मी आमच्या बोलीत गाणी करायला लागलो आणि ती सगळी तिच्यासाठीच केली. त्यातलं एक दर्याचं, ओहोटीला होडी चिखलात रुतते त्याचं.

सुकती लागली, होरी चिकलात बसली,
सुकती लागली गो, होरी चिकलात बसली,
भरती येवाची तवा येईल, मी इतंच हाय बसली.

हे गाणं ती म्हणायची तेव्हा मला, खरं सांगतो, माझ्याच वाजवण्याची भीती वाटायची. आपण कुठेतरी वेडंवाकडं वाजवू आणि ते मोडेल असं वाटायचं.

या गाण्यांचं काय झालं? काही नाही झालं. कोणाकोणाला ऐकवलं. एक जण म्हणाला, कोळीगीत करा, ठेका वाढवा. दुसरा म्हणाला, भाषा शुद्ध करा. केळव्याच्या एका रिसॉर्टमध्ये शनिवारी वाजवायचो, तिथे दर्याचं गाणं अर्ध्यात असताना एका टेबलावरून वाढदिवसाची फर्माईश आली आणि मालकाने हाताने खूण केली. मी बाहेर येऊन कीबोर्डच्या पेटीला लाथ मारली. लागलं मलाच. ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण! उद्या त्याच पायाने कंपनीत जायाचा हाय." मग मांडवात डीजे आले. पेन ड्राइव्ह लावला की झालं, कीबोर्डवाला कशाला आणि गाणारी तरी कशाला? आम्हाला बोलावणं कमी कमी होत बंद पडलं.

तरी आमचं एक ठरलेलं होतं. माझी गाणी तिच्या आवाजात एकदा नीट वाजवायची, लोकांसमोर, खऱ्या पियानोवर. मोबाईलमध्ये कशीबशी भरून ठेवायची नाहीत. तिचे हळदीतले कितीतरी व्हिडिओ आहेत, त्या धडाडधूममध्ये तिचा आवाज शोधून काढावा लागतो. दर्याचं गाणं कुठेच नाही. करायचं तर नीटच करू, असं आम्ही म्हणायचो. नीट, नीट! आग लागो त्या शब्दाला.

तिचा आवाज उतरायला कधी लागला ते नक्की सांगता येणार नाही. एके दिवशी म्हणाली, "जरा खाली घे रे, आज गला बसला हाय." मी बटण दाबलं. काही दिवसांनी परत, "आजून एक." परत दाबलं. सुरुवातीला दर्याचं गाणं ती काळी दोनमध्ये लीलया म्हणायची, ते घसरत घसरत खालच्या काळी चारवर येऊन थांबलं. दुसरा कोणी असता, ज्याला प्रत्येक वेळी हात हलवून नवीन जागी बसवावा लागला असता, तर तो म्हणाला असता, बाई, हे काय चाललंय? मला हात हलवायलाच लागत नव्हता. तिचा आवाज उतरत गेला आणि मी बटण दाबत गेलो. वय झालं, म्हणालो. मासळी बाजारात ओरडून ओरडून होतं, म्हणालो. हळद-दूध दिलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. स्वरयंत्रात गाठ होती, वाईट जातीची, आणि पसरलेली. स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल म्हणाले. कशामुळे झालं? कोणी म्हणालं मिश्रीमुळे, कोणी म्हणालं कंपन्यांच्या हवेमुळे, माझी आत्या म्हणाली कोणाची तरी हाय लागली. ज्याला जे बोलायचं ते बोलून गेला. तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "नंतर गाता येईल काय?" ते म्हणाले, जीव वाचेल, बाई. ती म्हणाली, "मी ते नाय विचारलं." डॉक्टरांनी फाईल मिटली आणि आम्हाला कळलं.

ॲडमिट व्हायची तारीख मिळाली. घरी परत येताना ती म्हणाली, "दर्याचा गाना म्हनून मगच जाईन." मला वाटलं रागाने बोलतेय. ती अजिबात रागात नव्हती. तारापूरच्या एका मोठ्या कॉलनीत एक निवृत्त इंजिनीयर साहेब होते, फार पूर्वी आम्हाला ऐकलेले. ती स्वतः त्यांच्याकडे गेली. त्या कॉलनीच्या क्लबच्या हॉलमध्ये पियानो होता, खरा, लाकडी, तारांचा. साहेबांनी रविवारची संध्याकाळ ठरवली, ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशीची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाजाला जपा, बोलू नका. ती आठवडाभर गप्प राहिली. पाणी हवं तरी हाताने दाखवायची. सगळा आवाज त्या एका गाण्यासाठी राखून ठेवत होती.

शनिवारी मी एकटाच पियानो बघायला गेलो. तिला नेलं नाही, उगाच दगदग नको. साहेबांनी हॉल उघडून दिला आणि ते निघून गेले. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण पियानोचं झाकण उघडायच्या आधी पोरासारखे हात शर्टाला पुसले. पांढरी एकवर डावा हात टाकला. अरे देवा! कीबोर्डमधून आवाज येतो तो स्पीकरमधून येतो. हा पोटात येतो. मी दर्याचं गाणं वाजवलं, परत वाजवलं, परत परत वाजवलं. कधी नव्हे इतकं चांगलं वाजत होतं. हॉलमध्ये कोणी नव्हतं आणि मी ढसाढसा रडत होतो, की शेवटी का होईना, मिळालं. घरी येऊन तिला सांगितलं, असा वाजतो, तसा वाजतो. ती बोलत नव्हती, पण तिचे डोळे चमकत होते.

तुम्हाला कळलं असेल काय झालं ते. मला कळलं नाही. तिलाही नाही. घरी माझे हात ज्या पट्ट्यांवर असायचे त्याच पट्ट्यांवर ते तिथे होते. हातांना काय ठाऊक? घरच्या कीबोर्डवर बटण दाबून आवाज चार सूर खाली उतरवलेलाच असायचा, महिनोन्महिने, ते मी विसरूनसुद्धा गेलो होतो. पियानोला बटण नसतं.

रविवारी पंधरा-वीस माणसं आली. साहेबांच्या ओळखीची, काही आमच्या गावची. तिने हिरवी साडी नेसली होती, गजरा घातला होता. मी सुरुवातीचं वाजवायला लागलो. कोणी खोकलं नाही, कोणाचा मोबाईल वाजला नाही. तिने पहिला सूर लावायला तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावर मी पाहिलं, की काहीतरी भलतंच झालंय. मी पांढरी एकमध्ये होतो. तिचा गळा खाली काळी चारमध्ये होता. तिला चार सूर वर चढायचे होते. धडधाकट माणसालाही ते जड जातात.

मी हात काळी चारवर न्यायचा प्रयत्न केला. बोटं जातायत, पण कुठे ठेवायची ते त्यांना माहीत नाही. डावा हात, जो झोपेतही चालतो, तो अडखळला. दोन-तीन बेसूर घाव पडले. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ती वाकली आणि माझ्या कानाशी आठवड्यातलं पहिलं वाक्य बोलली, "तुज्या जाग्यावर वाजव. मी येते वर." मी म्हणालो, नको गं, थांबूया, घरून कीबोर्ड आणतो. ती म्हणाली, "वाजव." हळदीच्या मांडवात ती अशीच होती. एकदा गाणं सुरू झालं की वीज गेली तरी थांबायची नाही.

मी वाजवलं. पहिली ओळ तिने ओढून आणली. सुंदर होती, फाटकी होती, पण होती. दुसऱ्यांदा तीच ओळ म्हणताना "गो"वर चढताना आवाज चिरला. गळ्याच्या शिरा टरारून आल्या होत्या. तिसऱ्या ओळीला तिने तोंड उघडलं आणि आतून फक्त खर्र असं काहीतरी आलं. तिने पुन्हा श्वास घेतला, पुन्हा तेच. लोकांना वाटलं, बाई भारावल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, उभे राहून! मला त्या प्रत्येकाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. ती हात जोडून उभी होती. त्यानंतर तिच्या तोंडून एक शब्द आला नाही. सकाळी आम्ही गाडीत बसलो तेव्हाही नाही, ऑपरेशनला आत नेताना मी "काहीतरी बोल गं" म्हणालो तेव्हाही नाही. ओठ हलले, आवाज तिथेच हॉलमध्ये राहिला होता.

ऑपरेशन चांगलं झालं. सगळे सांगतात, चांगलं झालं. गळ्याच्या खाली एक भोक आहे, त्यातून ती श्वास घेते, वर पातळ रुमाल बांधते. गळ्याला मशीन धरून बोलायला शिकवतात, पण तो आवाज ऐकून ती एकदा रडली आणि मशीन कपाटावर ठेवून दिलं. बाजारात बसते. भाव बोटांनी सांगते. गिऱ्हाईकं घासाघीस करत नाहीत म्हणून तिला राग येतो.

मी ट्रान्सपोजच्या बटणावर काळा टेप चिकटवला आणि काळी चार शिकायला बसलो. हे म्हणजे मयत होऊन गेल्यावर औषध आणायला पळण्यासारखं, मला कळत होतं. गिटारवाला भेटला, म्हणाला, "अरे कशाला आता?" त्याच्याशी भांडण झालं. पण दुसरं काय करू, सांगा ना! कामावरून आलो की डाव्या हाताला चालायला शिकवायचो, लहान पोराला शिकवतात तसं. चुकायचं, परत. पावसाळा सगळा त्यात गेला. ती आतल्या खोलीत असायची, ऐकू यायचंच तिला. कधी बाहेर येऊन बघितलं नाही.

परवा दुपारी ती दारात सुकट निवडत बसली होती. मी दर्याचं गाणं सुरुवातीपासून वाजवलं, काळी चारमध्ये. पहिल्यांदाच हात कुठे अडला नाही. तिचे हात सुकटीवर थांबले. ती उठली, पदराला हात पुसत माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, जशी स्टेजवर राहायची, डाव्या अंगाला. तिची जागा आली. तिने छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं, आणि सगळी हवा गळ्यावरच्या रुमालातून फस्स करून बाहेर गेली.

विसरली होती ती. मी थांबलो. तिने माझ्या मनगटावर चापट मारली, परत वाजव म्हणून. मी परत पहिल्यापासून वाजवलं. तिने सगळं गाणं म्हटलं, नुसत्या ओठांनी, प्रत्येक शब्द त्याच्या जागेवर, आणि दर ओळीला तो रुमाल हलत होता. ऐकू येत होतं ते फक्त माझं वाजवणं, आणि त्यात एकही चूक नव्हती.